कुस्ती, ज्युदो की बीजेजे: हेतू कुठला, वर्ग कुठला?

लालमाती (धागाकर्ता)

पकडीची कला शिकायची आहे, ठोसे-लाथा नकोत, मुंबईत काय शिकावं, असा प्रश्न इथे महिन्याआड कुणीतरी विचारतंच. उत्तरंही ठरलेली असतात: ज्याने जे केलं तेच भारी. विचारणारा गोंधळतो आणि शेवटी घराजवळच्या जिमची वर्षाची फी भरून मोकळा होतो. म्हणून हा वेगळा धागा. जाणकारांनी लिहावं. स्वतःच्या आठवणी बाजूला ठेवून नेमकी माहिती द्यावी, ही विनंती.

माझं म्हणणं आधी मांडतो. कलेचं नाव, पट्ट्याचा रंग, मोबाइलवरचे व्हिडिओ हे सगळं सोडा आणि एवढंच बघा की तिथे लढत कशाने संपते आणि गुण कशाला मिळतात. शरीर तेच शिकतं. ज्याला गुण नाहीत त्याचा सराव वर्गात होत नाही, आणि सराव नाही ते ऐनवेळी हातून निघत नाही.

कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की चितपट. म्हणून पैलवान पडता पडता पोटावर वळतो, पाठ कधी देत नाही. फ्रीस्टाइलमध्ये (पायही धरता येतात त्या प्रकारात) खाली आणून ताबा घेतला की 2 गुण, पाठ धोक्यात येईल असं पाडलं तर 4, मोठ्या उंचीच्या फेकीला 5, रिंगणाबाहेर काढलं तर 1. 3 मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद. 10 गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच थांबते, ग्रीको-रोमनमध्ये (कमरेखाली पकड चालत नाही त्या प्रकारात) 8 ला. एकूण कल काय, तर सतत पुढे सरकायचं, दमवायचं.

ज्युदोत ताब्यात ठेवून, जोरात आणि वेगाने पाठीवर फेकलं की इप्पोन, लढत खलास. नाहीतर 20 सेकंद पाठीवर दाबून धरा, किंवा कोपराच्या लॉकने वा चोकने (गळा आवळून) समोरच्याला टॅप करायला (थोपटून हार मानायला) लावा. वेळ 4 मिनिटं, बरोबरी झाली तर गोल्डन स्कोअर, म्हणजे आधी गुण घेईल तो जिंकेल असा जादा वेळ, त्याला वेळेची मर्यादा नाही. जमिनीवर प्रगती दिसली नाही तर पंच लगेच उठवतात. त्यामुळे ज्युदोका एका फटक्यात फेकायला शिकतो, आणि खाली गेल्यावर बरेच जण कासवासारखे गोळा होऊन पंचाची वाट बघतात.

बीजेजेमध्ये, म्हणजे ब्राझिलियन जिऊ-जित्सूत, फेकीला फक्त 2 गुण. खालून उलटवलं (स्वीप) 2, पोटावर गुडघा 2, पाय ओलांडून बाजूला गेलात (गार्ड पास) 3, छातीवर बसलात (माउंट) 4, पाठ घेतलीत 4. टॅप मिळाला की संपलं. इथे पाठीवर पडणं ही हार नाही, ती कामाची जागा आहे. उलट कुस्तीवाला सवयीने पोटावर वळला की समोरच्याला 4 गुण आणि वर गळा, दोन्ही फुकट मिळतात.

आता ज्याने त्याने आपला हेतू या तिन्हींशी ताडून बघावा.

गिरणगाव_71

लालमाती, मांडणी पटली, पण कुस्ती म्हणून एकच गठ्ठा केलात. माती आणि मॅट हे दोन वेगळे खेळ आहेत. आपल्याकडे 1961 पासून महाराष्ट्र केसरी होते, तिथेसुद्धा माती विभाग आणि गादी विभाग वेगळे, आणि दोन्हीकडचे विजेते मानाच्या गदेसाठी शेवटी समोरासमोर येतात. हे उगाच नाही.

आखाड्याच्या हौद्यातली माती पायाला धरते. लाल माती चाळून त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळतात आणि रोज खोऱ्याने उकरून मऊ ठेवतात. अशा मातीत झपकन पाय सरकवता येत नाही. म्हणून खडाखडी (सुरुवातीची उभ्याची झटापट) लांबते, मनगट-मान-खांद्याची ओढाताण जास्त, ढाक, कलाजंग, घिस्सा असे अंगाला अंग लावून मारायचे डाव जास्त चालतात. गावच्या निकाली कुस्तीत गुण नसतात, अस्मान दिसलं तरच निकाल. मॅटवर पायात बूट, खाली रबरी पकड, सगळा खेळ वेगाचा आणि पटाचा, म्हणजे पाय धरून खाली आणायचा. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्य आणलं ते मॅटवर. त्याआधी 1948 ला लंडनमध्ये ते सहावे आले होते. मातीतली ताकद त्यांच्याकडे होतीच, मॅटचा सराव वेगळा करावा लागला.

कुणासाठी काय? ताकद, दम, मान-खांदे कमवायचेत, पहाटे पाचला उठायची तयारी आहे, तर तालीम. लालबाग-परळ पट्ट्यात गिरण्यांच्या काळातल्या तालमींपैकी काही अजून तग धरून आहेत. जोर-बैठका, सपाट्या, डंबेल नव्हे तर करेला आणि मुद्गल (फिरवायचे जड लाकडी सोटे), आणि मग लढत. वस्ताद आधी महिनाभर तुमच्याकडून फक्त मेहनत करून घेतील. त्याला कंटाळू नका. बैठकांनी मांड्या तयार होण्याआधी पट काढायला गेलात तर गुडघाच जाणार.

ऑलिंपिक प्रकारची कुस्ती हवी असेल तर मॅट आहे की नाही हे आधी विचारा. वयाची पंचविशी ओलांडून पहिल्यांदाच येणाऱ्याला मॅटवर घेणारी ठिकाणं मुंबईत कमी आहेत. बहुतेकांचं लक्ष स्पर्धेच्या मुलांवर असतं, आणि ते रास्तच आहे.

ठाण्याची_आई

मुलगी 11 वर्षांची, शाळेत कबड्डी खेळते. तिला पुढे पदक, प्रमाणपत्र, खेळाडू आरक्षण या वाटेने जायचं असेल तर यातलं काय? आणि लवकर सुरू केलं तर उंची खुंटते असं शेजारी म्हणतात, ते खरं का?

हिकीते

ताई, या हेतूसाठी उत्तर सरळ आहे: ज्युदो किंवा मॅटवरची कुस्ती. दोन्ही खेळ शालेय स्पर्धांत 14, 17, 19 वर्षांखालच्या गटांत आहेत. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी वाट ठरलेली आहे. महिलांचा ज्युदो 1992 पासून आणि महिलांची फ्रीस्टाइल 2004 पासून ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ आहे. ग्रीको-रोमन मुलींसाठी नाही. बीजेजेचा भाऊबंद असलेला जु-जित्सू 2018 पासून आशियाई स्पर्धांत आहे, पण शाळेच्या पातळीवर त्याची अशी शिडी नाही.

राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खातं करतं. खाजगी संघटनेने भरवलेल्या 'राष्ट्रीय' स्पर्धेचं चकचकीत प्रमाणपत्र तिथे चालत नाही. वर्गात घालण्याआधी विचारा: तुमची मुलं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धांत उतरतात का? 'हो' आलं तर गेल्या वर्षीची प्रमाणपत्रं बघायला मागा. न दाखवणाऱ्याकडे थांबू नका.

उंचीचं म्हणाल तर पकडीच्या खेळाने उंची खुंटत नाही. वाढत्या वयात उपाशी ठेवून, पाणी तोडून वजनगटात बसवणं मात्र खरोखर घातक आहे. 11 वर्षांच्या मुलीला 'दोन किलो कमी कर' म्हणणारा प्रशिक्षक दिसला की वर्ग बदला, मग तो कितीही पदकं आणणारा असो.

गिरणगाव_71

यात एक भर. मुलींना कुस्तीत पुढे काय, हा प्रश्न आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. साक्षी मलिकने 2016 मध्ये रिओला 58 किलोत कांस्य घेतलं, आणि आपल्याकडे 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, ती प्रतीक्षा बागडीने जिंकली. आणि कबड्डीची मुलगी असेल तर तिच्याकडे पट आधीच अर्धा तयार आहे. पायाला सूर मारणं, पकडीत चार जणींना ओढत नेणं, सगळं तेच अंग.

घाटकोपरकर

वय 36, वजन 88, बसून काम. पदक वगैरे काही नको. वजन उतरावं, अंगात दम यावा आणि सोमवारी ऑफिसला धड पोचावं. ज्युदो बघायला गेलो होतो. फेकताना आवाज ऐकूनच पोटात गोळा आला. या वयात पडायला शिकता येतं का?

हिकीते

येतं. आणि ज्युदो न करणाऱ्यानेही तेवढं एक शिकून घ्यावं असं माझं मत आहे, कारण पावसाळ्यात रेल्वेच्या पुलावरून घसरल्यावर उपयोगी पडणारं यातलं हेच. पडण्याला उकेमी म्हणतात. जरा सविस्तर लिहितो, कारण इथे घाई केली की थेट हाड मोडतं.

सुरुवात उभ्याने नाही, उकिडवं बसून. हात छातीसमोर फुलीसारखे. हनुवटी छातीला लावायची आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. मागे लोळताना पाठीचा कणा चाकासारखा गोल, आणि खांद्याची पाती टेकायच्या क्षणी दोन्ही हात अंगापासून साधारण 30 ते 45 अंशांवर मॅटवर आपटायचे, तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा हात एकदम. त्याच वेळी श्वास सोडायचा. मग हेच कुशीवर, मग वाकून उभं राहून, मग सरळ उभ्याने, आणि सर्वात शेवटी जोडीदाराच्या फेकीवर. दर वर्गाची पहिली 10-15 मिनिटं हीच, तीन-चार आठवडे तरी.

चुका ठरलेल्या. पहिली आणि सर्वात महाग म्हणजे हात मागे टेकवून स्वतःला सावरणं. सगळं वजन मनगटातून, ताठ कोपरातून गळपट्टीच्या हाडात जातं, आणि तिघांपैकी जे कच्चं ते मोडतं किंवा निखळतं. दुसरी, छताकडे बघणं. मान मागे गेली की डोक्याची मागची बाजू आपटते. तिसरी, हात खांद्याच्या रेषेत पसरून आपटणं, त्याने खांदा दुखावतो. चौथी, कुशीवर पडताना पाय एकावर एक ठेवणं, घोटे एकमेकांवर आदळतात.

फेकणाऱ्याचीही जबाबदारी तेवढीच. बाही धरलेला हात, हिकीते, शेवटपर्यंत सोडायचा नाही आणि पडणाऱ्याला किंचित वर ओढून धरायचं, म्हणजे त्याचं डोकं तरंगतं राहतं. माझं टोपणनाव त्यावरूनच आहे. नवशिक्यांच्या डोक्याला मार बसतो त्यात ओसोतो-गारी हा डाव पुन्हा पुन्हा येतो, कारण त्यात माणूस सरळ मागे जातो आणि हनुवटी सुटते. म्हणून पहिल्या महिन्यात नव्या माणसावर ओसोतो पूर्ण वेगात मारू देणारा वर्ग मला पसंत नाही. ओ-गोशीसारखी कमरेवरची फेक आधी शिकवावी. तिच्यात पडणारा शेवटपर्यंत हातात असतो.

आणि खाली काय अंथरलंय ते बघा. फेकीसाठी 4 सेंटिमीटर जाडीचे, घट्ट दाबाचे तातामी (ज्युदोच्या गाद्या) लागतात. काँक्रीटवर थेट 2 सेंटिमीटरचे कोड्यासारखे जोडायचे फोम अंथरून ज्युदो शिकवणं चूक आहे. पायाचा अंगठा त्या जोडात अडकतो ते वेगळंच. टाच जोराने आपटून बघा. फरशीचा टणकपणा टाचेला कळला तर तिथे फेक घेऊ नका.

तुमच्या वजनाला आणि हेतूला मात्र मी ज्युदोवाला असूनही आधी बीजेजे सुचवेन. 88 किलोचं शरीर रोज वीस वेळा पडणं हे पहिल्या सहा महिन्यांत सांध्यांना जड जातं.

गार्डपास

हिकीते यांनी मोठ्या मनाने लिहिलं. बीजेजेबद्दल मी लिहितो.

ज्युदो जिगोरो कानोंनी 1882 मध्ये आपल्या कोडोकान या शाळेत उभा केला. त्यांचा शिष्य मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला गेला आणि त्याच्याकडून ती कला बीजेजे घडवणाऱ्या ग्रेसी कुटुंबात पोचली. म्हणजे रक्त एकच आहे. ब्राझीलमध्ये जमिनीवरच्या भागावर भर वाढत गेला, इतकंच. हलका माणूस जड माणसाखाली टिकला कसा पाहिजे, हा त्याचा गाभा.

घाटकोपरकर, तुमच्यासाठी यातलं महत्त्वाचं असं की सराव गुडघ्यावरून किंवा बसून सुरू करता येतो, त्यामुळे उंचावरून पडणं कमी. आणि जोर किती लावायचा हे बरंचसं तुमच्या हातात असतं. 5-5 मिनिटांच्या चार फेऱ्या केल्यात तर घाम निथळेल. दम लागण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा शक्तीची कमतरता नसते. नवा माणूस श्वास धरून ठेवतो आणि मुठी आवळून कॉलर सोडत नाही. दुसऱ्या फेरीत पंजे बधिर होतात. बोटं पक्कडीसारखी आवळण्यापेक्षा हुकासारखी अडकवा.

पहिले सहा महिने जिंकायचा विचार नको, सुटायला शिका. दोन गोष्टी घट्ट करा. एक, छातीवर बसलेल्याला उलटवणं: त्याचा एक हात आपल्या छातीशी अडकवा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडकवा, टाचा नितंबांजवळ आणा आणि कंबर वर उचलून त्या खांद्यावरून तिरके वळा. सरळ वर उचललंत तर तो हात टेकवून वाचतो. तिरकं गेलात की टेकवायला हात शिल्लक नसतो. कुस्तीवाल्यांना हा पूल ओळखीचा वाटेल. दोन, कोळंबीसारखं सरकणं, ज्याला श्रिंप म्हणतात: कुशीवर वळा, एका पायाने जमीन दाबून कंबर मागे न्या, मोकळ्या झालेल्या जागेत गुडघा घाला. लोक पाठीवर सपाट राहून हाताने ढकलत बसतात. ताठ झालेला तोच हात आर्मबारमध्ये (कोपराच्या लॉकमध्ये) जातो.

टॅप वेळेत करा, समोरच्याच्या अंगावर, त्याला कळेल असा दोन-तीनदा. हात अडकले असतील तर तोंडाने 'टॅप' म्हणा. कोपराचा लॉक दुखून इशारा देतो. टाच पिळणारा हील हुक मात्र दुखायच्या आधी गुडघ्याचे अस्थिबंध फाडतो. म्हणूनच स्पर्धेत तो गीमध्ये (जाड कापडाच्या सरावाच्या पोशाखात) बंद आहे आणि गीशिवायच्या प्रकारात 2021 पासून फक्त ब्राउन आणि ब्लॅक बेल्टला खुला आहे. पांढऱ्या पट्ट्याला तो शिकवणाऱ्या वर्गापासून दूर राहा. चोक नीट बसला तर शुद्ध 8-10 सेकंदांत जाते. गेलीच तर लगेच सोडा, उताणं झोपवा, पाय जरा उचलून धरा. तोंडात पाणी ओतू नका.

पट्ट्यांची घाई करू नका. निळ्या पट्ट्यावर किमान 2 वर्षं, जांभळ्यावर दीड, ब्राउनवर 1 असा आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम आहे आणि निळा पट्टा 16 वर्षांआधी मिळत नाही. ब्लॅक बेल्टला साधारण दहा वर्षं लागतात. तीन वर्षांत ब्लॅक बेल्टची हमी देणारा फलक दिसला तर आत जाऊ नका.

लालमाती

गार्डपास, एक उणीव तुम्हीच लिहायला हवी होती. बऱ्याच बीजेजे वर्गांत उभ्याची झटापट जवळपास होतच नाही. दोघे बसूनच सुरुवात करतात. वर्षाअखेरीस माणूस जमिनीवर तरबेज, पण समोरच्याला जमिनीवर आणायचं कसं हे त्याला येत नाही.

गार्डपास

मान्य. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातला एक दिवस उभ्याचा असलेला वर्ग निवडणं, किंवा वर्षभराने तालमीत जाऊन पट शिकणं. पहिल्या वर्षी दोन कला एकदम नकोत. एकीकडे पाठ देऊ नको आणि दुसरीकडे पाठीवरून खेळ, शरीर दोन्हीकडे अर्धंच शिकतं.

गिरणगाव_71

मग पट लिहूनच टाकतो. गुडघे वाकवून कंबर खाली आणायची, पाठ सरळ, डोकं वर. पुढचा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या मधोमध खोल टाकायचा. एकेरी पटात डोकं आतल्या बाजूला, त्याच्या बरगडीला चिकटवून. हात गुडघ्याच्या मागे कुलपासारखे. आणि मागे ओढण्याऐवजी कोनात वळायचं. नव्यांची चूक अशी की पाय जागेवर आणि हात पुढे. त्यामुळे डोकं खाली जातं, समोरचा कंबर मागे फेकून मानेवर सगळं वजन टाकतो आणि सवारी बांधतो (पाठीवरून ताबा घेतो). बीजेजेमध्ये त्याच खाली गेलेल्या मानेला चोक बसतो. दुसरी चूक, गुडघा मॅटवर आपटणं. गुडघा घासत सरकला पाहिजे, आपटला तर पुढे पाणी धरतो.

ज्युदोवाल्यांनी हे नक्की शिकावं. त्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पाय धरण्यावर 2010 पासून निर्बंध आले आणि 2013 पासून पूर्ण बंदी आहे. त्यानंतर तयार झालेल्या ज्युदोकाला पट अडवायची सवयच नसते. एमएमएकडे (ठोसे, लाथा, पकड सगळं चालणाऱ्या मिश्र लढतीकडे) जायचं असेल तर माझा क्रम ठाम आहे: आधी मॅटची कुस्ती, मग गीशिवायचं बीजेजे. लढत उभी राहणार की खाली जाणार हे पटवाला ठरवतो.

त्वचा_डॉक्टर

मुंबईत पकडीचा खेळ निवडताना हवामान विसरू नका. जून ते सप्टेंबर सगळ्यांत जास्त माणसं दुखापतीने नाही, गजकर्णाने मॅटबाहेर बसतात. कड उचललेलं, खाजणारं गोल चकदळ दिसलं की सराव बंद. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतून पसरते आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. डॉक्टरांनी दिलेला कोर्स डाग गेल्यावरही पूर्ण करायचा. पूची फोडं, किंवा तापासोबत बारीक पाणीदार पुळ्यांचा झुपका असेल तर त्याच दिवशी दाखवा आणि बरे होईपर्यंत कुणाच्या अंगाला अंग लावू नका.

गीचं कापडही निवडीचा भाग आहे. ज्युदोचा स्पर्धेचा गी 650-750 जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम), पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. बीजेजेसाठी 350-450 चालतो. दोन गी ठेवा. कल्याण-बदलापूरला जाणाऱ्यांचा ओला गी प्लास्टिकच्या पिशवीत दीड तास आंबतो. जाळीची पिशवी घ्या, घरी गेल्या गेल्या थंड पाण्यात धुवा (गरम पाण्याने आटतो) आणि पंख्याखाली हँगरवर टाका. कॉलर सर्वात शेवटी वाळते. बोटांनी दाबून बघा, आतून गार लागली तर तो गी घालू नका.

कानाचं राहिलं. घर्षणाने कान सुजून मऊ फुगा आला तर तो पहिल्या काही दिवसांतच डॉक्टरांकडून रिकामा करून दाबपट्टी बांधून घ्यायची. उशीर झाला की आत कूर्चा घट्ट होते आणि कान कायमचा तुटका राहतो. सरावाचं कानकवच स्वस्त असतं. तालमीत घालायची लाज वाटू देऊ नका.

सायन_स्टेशन

माझा प्रश्न स्वसंरक्षणाचा. रात्री उशिराची लोकल, स्टेशनबाहेरचा अंधार. मुलीसाठी आणि बायकोसाठी यातलं काय खरंच उपयोगी?

हिकीते

यातली कुठलीही कला चाकूवर किंवा चौघांवर उत्तर नाही. तसं सांगणारा खोटं बोलतो. उपयोग होतो तो मनगट किंवा दंड धरला, भिंतीला दाबलं, खाली पाडून वर कुणी बसलं, अशा प्रसंगात. त्यासाठी हवं: पकड सोडवणं, खालून निसटणं, आणि हात-पाय टेकून तोंड समोरच्याकडे ठेवत पटकन उठून उभं राहणं. शेवटचं मी सर्वात वर ठेवतो. बीजेजेच्या चांगल्या वर्गात ते पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि पुरा प्रतिकार करणाऱ्या माणसाबरोबर सराव असलाच पाहिजे. जोडीदार आपणहून पडतो असा दोन तासांचा शिबिरी प्रकार अंगात मुरत नाही. काँक्रीटवर गार्ड ओढून (समोरच्याला पायांत धरून) पाठीवर जाऊ नये, हेही स्पष्ट सांगा.

वकील_फोर्ट

कायद्याची बाजू थोडक्यात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खाजगी संरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे. कलम 37 नुसार संरक्षणासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. सुटका झाल्यावर, समोरचा निपचित पडल्यावर चोक धरून ठेवला तर तो बचाव राहत नाही. प्रशिक्षकांनी हे वर्गात सांगायला हवं.

मुलुंड_पूर्व

47 वय, कमरेची गादी सरकलेली, आता त्रास नाही. मला दार बंद आहे का?

गार्डपास

नाही, पण क्रम उलटा: आधी अस्थिरोगतज्ज्ञ, मग फिजिओ, मग वर्ग. दोघांना नुसतं 'मार्शल आर्ट' सांगू नका, तुमचे पाय तुमच्याच डोक्यामागे दाबले जातात त्या 'स्टॅक'च्या स्थितीचं चित्र दाखवा. कमरेला सर्वात वाईट तीच. परवानगी मिळाली तरी पहिले तीन महिने फक्त तंत्र, खुली झटापट नाही, आणि जोडीदार स्वतः निवडा: तुमच्याच वजनाचा, जुना, शांत. नवा आणि तरणा जोडीदार सर्वात धोक्याचा, कारण त्याला जोर कुठे थांबवायचा ते अजून कळत नाही. ज्युदोच्या फेकी आणि कुस्तीतला मानेवरचा पूल तुमच्यासाठी नाही.

गिरणगाव_71

त्यांनी बैठका अर्ध्या, आधार धरून सुरू कराव्यात. आणि पकड कमवायला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब बघून यावा. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा ऊर्जितावस्था दिली, आणि तो मुळात मल्लांचाच व्यायाम. पुरलेला खांब सगळ्यांना जमणार नाही, दोराचा बघा.

घाटकोपरकर

सगळ्यांचे आभार. आता शेवटचं. ऑफिस बीकेसीत, सुटायला साडेसात. आठवड्याला दोन दिवसच मिळतात. पुरतील? आणि चाचणी वर्गात नेमकं काय बघू?

लालमाती

बीजेजेला दोन दिवस पुरतात, प्रगती हळू होईल. ज्युदोला तीन हवेत, नाहीतर दर वेळी पडणं नव्याने शिकाल. तालमीला पाच-सहा दिवस आणि तेही पहाटे, म्हणून तुमच्यासाठी तूर्त नाही. वर्ग ऑफिस आणि घर यांच्या मधल्या स्टेशनवर शोधा. घरी जाऊन पुन्हा बाहेर पडणं तिसऱ्या आठवड्यात बंद होतं.

चाचणीच्या दिवशी अर्धा तास आधी जा आणि आधीचा वर्ग बसून बघा. मोठा माणूस लहानाशी कसा लढतो ते बघा. टॅप झाल्यावर लगेच सोडतात का? प्रशिक्षक फेऱ्या चालू असताना मॅटवर नजर ठेवून आहे की मोबाइलवर? मॅट पुसतात तेव्हा आधी झाडून मग जंतुनाशक लावतात, का एकाच ओल्या फडक्याने घाण फिरवतात? लोक चपला घालून मॅटच्या कडेपर्यंत येतात, की संडासातूनही अनवाणी परततात? पन्नाशीचा किंवा एखादी बाई नियमित येताना दिसली तर तो चांगला संकेत धरा. वर्षाची फी पहिल्याच दिवशी मागितली तर महिन्याचीच देईन म्हणा.

जाताना नखं कापा, अंगठी-कडं-गंडा काढून ठेवा, खिसे आणि चेन नसलेली पँट घाला, दोन तास आधी पोटभर जेवू नका. जुनी दुखापत असेल तर फी देताना नाही, जोडीदाराशी हात मिळवताना त्याला सांगा. लॉक किती ओढायचा ते त्याच्या हातात आहे.